रेंजमध्ये बसवलेला आकडा

संपादकांनी फोनवर सांगितलं, "कदमसाहेब, रुग्णसेवेचे गोड अनुभव लिहा." रक्त तपासणाऱ्याच्या हाती काही गोड लागलं तर त्याला आम्ही मधुमेह म्हणतो. शिवाय मी रुग्णसेवा केलेली नाही, मी लॅब चालवली. सेवा करणारे वेगळे असतात. त्यांच्या दवाखान्यावर दर दोन वर्षांनी एक मजला चढतो आणि प्रत्येक मजल्यावर सेवेची पाटी लागते.

कळमनुरीत माझी लॅब आहे. सव्वीस वर्षं झाली. त्याआधी दुसऱ्याच्या लॅबमध्ये नळ्या धुतल्या. बापानं काही ठेवलं नव्हतं, सासऱ्यानं काही दिलं नाही. जे आहे ते भांडून मिळवलं. जागा भांडून, मशीन भांडून, दारावरचा बोर्डसुद्धा रंगाऱ्याशी तासभर भांडून. मला रागीट म्हणतात, चिकट म्हणतात. म्हणणाऱ्यांनी कधी रिकाम्या हातानं धंदा उभा करून बघितलेला नाही.

आमचा धंदा बाहेरच्याला वाटतो तितका अवघड नाही. सुईनं रक्त काढायचं, जांभळ्या टोपणाच्या नळीत भरायचं, ती मशीनच्या तोंडाशी धरायची. मशीन थेंबभर रक्त ओढून घेतं आणि मिनिटभरात बोटभर रुंदीची कागदाची पट्टी बाहेर टाकतं. त्या पट्टीवर सगळे आकडे असतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. मग ते आकडे आम्ही कॉम्प्युटरवर टाईप करतो, वर डॉक्टरचं नाव घालतो, खाली सही करतो. तो रिपोर्ट. पट्टी आणि रिपोर्ट यांच्यामध्ये एक माणूस बसलेला असतो. मी ज्याच्याविषयी लिहितोय तो हा माणूस.

रिपोर्टवर प्रत्येक आकड्याशेजारी नॉर्मल आकडा छापलेला असतो, त्याला रेंज म्हणतात. आकडा रेंजच्या बाहेर गेला की ठळक छापला जातो, आणि ठळक आकडा दिसला की डॉक्टरचा फोन येतो. "कदम, हे काय आहे? तुमचं मशीन विकून टाका." पेशंट दुसऱ्या लॅबमध्ये जातो. तिथला माणूस हुशार असतो, त्यानं आकडा आधीच रेंजमध्ये बसवलेला असतो. गावभर बोभाटा होतो की कदमची लॅब खोटी. असा बोभाटा दोनदा झाला की तिसऱ्यांदा कदमही आकडा बसवायला शिकतो. जरा वर गेलेला खाली ओढायचा, जरा खाली गेलेला वर ढकलायचा. याला आमच्यात 'बराबर करणे' म्हणतात. कुठल्याही कॉलेजात हे शिकवत नाहीत, पण तालुक्याच्या गावात याच्याशिवाय लॅब चालत नाही.

याला एकच सूट, प्लेटलेट कमी आल्या तर आकडा तसाच राहू द्यायचा. डेंगूच्या हंगामापासून आमच्या जिल्ह्यात सगळ्यांना कळलेलं आहे की पेशी कमी होतात. प्लेटलेटलाच लोक 'पांढऱ्या पेशी' म्हणतात. मी सव्वीस वर्षं सांगतोय की पांढऱ्या पेशी वेगळ्या, प्लेटलेट वेगळ्या, कोणाच्या बापाच्या लक्षात राहत नाही. पेशी कमी निघाल्या की घरात रडारड, पपईच्या पानांचा रस, शेळीचं दूध. दवाखान्याबाहेर एक माणूस फक्त किवीची फळं विकून राहतो आणि त्याचं घर माझ्या घरापेक्षा मोठं आहे. पेशी जास्तही होतात, आणि जास्त होणं हे वाईट असू शकतं, हे मात्र कोणाला पटत नाही. जास्त म्हणजे चांगलं. पाऊस सोडला तर सगळीच गोष्ट आमच्याकडे जास्त झालेली चालते.

युसूफभाई डोंगरकड्याचे केळीचे व्यापारी. उभ्या बागेचा सौदा करणारा माणूस. घडाकडे बघून वजन सांगणार आणि ते सांगताना तोंड असं करणार की जणू बाग सडूनच गेलेली आहे. माझी त्यांची जुनी ओळख, आणि प्रत्येक भेटीत घासाघीस. तीही मनापासून, दोघांनाही आवडायची म्हणून.

सहा वर्षांपूर्वी ते पावणेदोन वर्षांच्या लेकीला, आफरीनला, घेऊन आले. सोबत त्यांची बायको शबाना. लेकराला सहा दिवसांपासून ताप होता. चिठ्ठी गावातल्या मोठ्या डॉक्टरांची. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना छापलेलं स्वतःचं नाव फार आवडतं, फुकट कशाला द्या.

"कदमशेठ," युसूफभाई बसता बसता सुरू झाले, "लेकराचं रक्त हाय इत्तुसं, अन् पैसे मोठ्या माणसाचे काहून?"

"नळी तेवढीच भरते, युसूफभाई."

"मंग अर्धीच भरा."

"अर्ध्या नळीत अर्धाच ताप दिसंल. चालंल का?"

ते हसले. शबाना हसली नाही. मी लेकराच्या डाव्या दंडाला रबर बांधायला गेलो तर ते किंचाळलं. शबाना म्हणाली, "भाई, तिथं नका बांधू. टिक्याचं निशाण बघा, कसं लाल झालं." जन्मल्यावर क्षयाची लस टोचतात त्याचा तो वण. लाल होऊन सुजलेला.

"मच्छर चावला असंल," मी म्हणालो. हाताची पाठही सुजलेली होती, शीर सापडेना. मला त्याचा राग आला. शीर सापडली नाही की मला नेहमी शिरेचाच राग येतो.

त्याच वेळी नांदेडहून रिएजंटचा एजंट आलेला होता. रिएजंट म्हणजे मशीनला लागणारं द्रावण, कॅनमध्ये येतं. माझी घासाघिशीची रीत अशी की आधी मालाला नाव ठेवायचं. अर्ध्या तासापासून मी त्याला सांगत होतो, "तुझं द्रावण आकडे फुगवून राहिलं. माझं नाव खराब होऊन राहिलं." यात तिळभर खरं नव्हतं. मला दोन कॅन फुकट पाहिजे होते, इतकंच.

आफरीनची पट्टी बाहेर आली. प्लेटलेट सहा लाख ऐंशी हजार. साडेचार लाखाला रेंज संपते.

मला अक्षरशः आनंद झाला. मी ती पट्टी एजंटच्या समोर आपटली. "हे बघ! पावणेदोन वर्षांचं लेकरू अन् सहा लाख ऐंशी हजार! हे रक्त हाय का राजगिरा?"

एजंटनं पट्टी उचलून बघितली. त्याला माझ्यासारख्या माणसांची सवय होती. "दादा, दोन कॅन ठेवून जातो. वर कंपनीला बोलू नका," म्हणाला आणि गेला.

मी जिंकलो.

आता अशा आकड्यावर काय करायचं असतं ते सांगतो. रक्ताचा एक थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघायचं की मशीन खरं बोलतंय की खोटं. वीस मिनिटांचं काम. मी नवशिका नव्हतो, हे मला झोपेतही माहीत होतं. पण भांडण जिंकलेल्या माणसाला आपण भांडणात काय काय खोटं बोललो हे लगेच आठवत नाही. द्रावण आकडे फुगवतं हे मी इतक्या जोरात बोललो होतो की मलाच ते पटलं होतं. काच न करता मी आकडा बराबर केला. चार लाख दहा हजार. रेंजच्या आत, वरच्या कडेला, कोणी शंका घेणार नाही असा.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. पेशी नॉर्मल, म्हणजे डेंगू नाही. सोबतची विडाल पॉझिटिव्ह, म्हणजे टायफाइड. ही विडाल नावाची तपासणी आमच्या भागात ज्याची करावी त्याची पॉझिटिव्ह निघते. माझी स्वतःची निघते आणि मला टायफाइड कधी झालेला नाही. पण सुई लावायला तेवढं कारण पुरतं. लेकराला इंजेक्शनं सुरू झाली.

तापाच्या नवव्या दिवशी ते परत आले. ताप तसाच. या वेळी युसूफभाईंनी घासाघीस केली नाही. लेकराचे ओठ विडा खाल्ल्यासारखे लाल आणि चिरलेले, डोळे लाल पण चिपड नाही, आणि कोणी हात लावला नाही तरी ते सारखं कण्हत होतं. मी रक्त मशीनला लावलं. नऊ लाख साठ हजार. पुन्हा लावलं. तेवढेच.

मशीनमध्ये आता नवा कॅन होता, त्या एजंटनं फुकट दिलेला. त्याला नाव ठेवायला मला जागाच नव्हती.

मग मी काच केली. भिंगाखाली बघितलं तर तांबड्या पेशींच्या मध्ये प्लेटलेटचे जांभळे ठिपके खसखस सांडल्यासारखे पसरलेले. मशीन खरं बोलत होतं. तीन दिवसांपूर्वीही खरंच बोललं होतं.

मी डॉक्टरांना फोन लावला. "सर, त्या लेकराच्या प्लेटलेट साडेनऊ लाख आहेत. काच करून बघितली."

"वाढल्या ना? म्हणजे सुधारणा आहे."

"सर, दंडाचा वण लाल आहे, हात सुजलेत..."

"कदम, तुम्ही आकडा लिहा. अर्थ मी लावतो." फोन बंद. मी आकडा लिहिला आणि रिपोर्टखाली लाल शाईनं शेरा मारला, काच करून खात्री केली आहे.

नांदेडला एक बालरोगतज्ज्ञ बाई आहेत, त्यांना मी फोन लावला. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि पाच प्रश्न विचारले. डोळ्यांत चिपड आहे का, ओठ कसे, जीभ कशी, वण कधीपासून लाल, ताप कितवा दिवस. "नववा," मी म्हणालो.

"याला कावासाकी म्हणतात. नाव नंतर पाठ करा, आधी त्यांना गाडीत बसवा. औषध दहा दिवसांच्या आत गेलं तर हृदयाच्या नळ्या वाचवता येतात. एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागेल. आज पाठवा."

मी बाहेर आलो. युसूफभाईंनी तोवर रिपोर्ट हातात घेतला होता. आकडे त्यांना येतात. त्यांचा चेहरा उजळलेला. "चारचे साडेनऊ! शबाना, दुवा लागली!" खालच्या दुकानातून ते पेढे घेऊन आले आणि पहिला माझ्या हातात ठेवला.

मी पेढा टेबलावर आपटला. "कशाचे पेढे? लेकरू घेऊन आत्ताच्या आत्ता नांदेडला निघा."

"पेशी वाढल्या न्हाई का?"

"वाढल्या म्हणूनच निघा."

"डॉक्टर तर म्हणतेत सुधारणा हाय. तुमी डॉक्टर कधी झाले?"

हा टोमणा मी एरवी सहन केला नसता. त्या दिवशी केला. म्हणालो, "युसूफभाई, बागेत रानडुकरं शिरली तर राखणदार काय करतो?"

"टेंभे पेटवतो."

"डुकरं पळाली. पण राखणदाराचं डोकं फिरलं. थांबेचना. टेंभे घेऊन बागेतच धावून राहिला. पहिलं काय जळंल?"

"ठिबकच्या नळ्या."

"व्हय. आपल्या अंगातबी राखणदार हायेत, रोगाशी लढणारे. आफरीनचे राखणदार पिसाळलेत. रोग कोणता होता, गेला का ऱ्हायला, कुणाला ठाव न्हाई, पण ते आता तिच्याच नळ्या भाजून राहिलेत. नळी नरम पडली की तिला फुगा येतो. अन् ती नळी हृदयाची हाय."

"मंग ह्या पेशी?"

"पंक्चर काढायला धावत आलेल्या. जितकी गर्दी, तितकी आत आग मोठी."

शबाना उठून उभी राहिली. युसूफभाई मात्र बसूनच. व्यापारी माणूस, दोन भाव ऐकले की तिसऱ्याची वाट बघतो. मग मी त्यांच्या भाषेत बोललो. "शर्त लावा. एकोत काही निघालं न्हाई तर तुमच्या साऱ्या खानदानाची तपासणी जन्मभर फुकट. लिहून देतो."

कदम फुकट म्हणाला, हे त्यांना नऊ लाखांपेक्षा भयंकर वाटलं असावं. ते उठले.

नांदेडला एकोत निघालं. हृदयाच्या एका नळीला बारीक फुगा. दहाव्या दिवशी सकाळी औषध सुरू झालं. ते हजारो माणसांनी दिलेल्या रक्तातून काढतात आणि सलाईनसारखं सावकाश सोडतात. परक्यांचे थंड डोक्याचे राखणदार आणून आपल्यांना शांत करायचं, असा त्याचा हिशेब. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. लेकरू वाचलं. फुगा राहिला.

यानंतर माझी तक्रार सुरू होते. दोन महिन्यांनी डॉक्टरांच्या एका बैठकीत आमच्या मोठ्या डॉक्टरांना शाल आणि नारळ मिळाला. दुर्मिळ आजार ओळखून रुग्ण वेळेत पुढे पाठवला म्हणून. भाषणात त्यांनी एक वाक्य घातलं: "लॅबच्या पहिल्या रिपोर्टमध्ये पेशी नॉर्मल होत्या, त्यामुळे तीन दिवस थांबावं लागलं." त्या दिवसापासून त्यांची चिठ्ठी माझ्याकडे येणं बंद झालं. लाल शाईनं रिपोर्टखाली शेरा मारणारा टेक्निशियन त्यांना नको होता.

मी पाच वर्षं त्या माणसाला शिव्या दिल्या. चहाच्या टपरीवर, लग्नात, मयतीत. केस माझी, शाल त्याची. आणि युसूफभाई माझे साक्षीदार. त्यांनी आफरीनचा पहिला रिपोर्ट लॅमिनेट करून फाइलीत सगळ्यात वर ठेवला होता. कोणीही भेटलं की दाखवायचे. "हे बघा, कदमशेठनं चार लाख लिहिलं. वरच्या कडेला! डॉक्टरला वाचता आलं न्हाई. कदमशेठचा आकडा कधी चुकत न्हाई." दर ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा. मी तो बायकोला द्यायचो आणि मला गोड चालत नाही म्हणायचो. माझी साखर आजही रेंजमध्ये आहे. खरोखरची.

मागच्या हिवाळ्यात एका वलिम्याच्या, म्हणजे निकाहानंतरच्या, जेवणात युसूफभाईंनी डॉक्टरांनाच गाठलं. मी शेजारी उभा. लॅमिनेट केलेला रिपोर्ट त्यांच्या नाकासमोर धरला. "साब, हे वाचलं असतं तर माझ्या लेकराच्या नळीला फुगा आला नसता."

डॉक्टर रिपोर्टकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. युसूफभाईंना कोणी तरी हाक मारली, ते वळले, तेव्हा डॉक्टर हळूच म्हणाले, "कदम, मशीनची पट्टी ठेवलीय का अजून?"

मी हातातला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"बराबर करणं मला माहीत नाही का? माझ्याच फोनला घाबरून शिकलात तुम्ही." असं म्हणून ते बिर्याणी घ्यायला गेले. माणूस आजही मला आवडत नाही. पण पाच वर्षं मी ज्या वाक्यासाठी त्याला शिव्या दिल्या ते वाक्य खरं होतं. त्याच्या भाषणात तेवढं एकच.

पट्टी माझ्याकडे होती. मशीनच्या कागदावरचे आकडे वर्षागणिक फिके पडत जातात. ड्रॉवरमधून काढली तेव्हा सहाचा आकडा उजेडाकडे धरून बघावा लागला. आणखी वर्षभर थांबलो असतो तर कागद कोरा झाला असता. थांबावं असं मनात आलं होतं, हेही लिहून ठेवतो.

डोंगरकड्याला गेलो. युसूफभाई केळीच्या गाडीवर घड चढवून घेत होते. अंगणात आफरीन दोरीवरच्या उड्या मारत होती. तिला रोज एक छोटी गोळी असते आणि दर वर्षी एको. मी पट्टी त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. एजंट, दोन कॅन, राजगिरा, सगळं.

त्यांनी पट्टी उजेडाकडे धरली. मग विचारलं, "त्या दिवशी खरा लिहिला असता तर?"

"तीन दिवस वाचले असते."

"अन् फुगा?"

"आला नसता. किंवा आलाही असता. कुणी सांगू शकत न्हाई."

"दोन कॅन," ते म्हणाले. एवढंच.

मी तयारीनं गेलो होतो. त्यांनी शिव्या द्याव्यात, मारावं, गावासमोर बोलावं. भावात उतरतात तसं मी पायरीपायरीनं खाली यायला तयार होतो. म्हणालो, "आफरीनची तपासणी जन्मभर माझ्याकडून फुकट. तुमची साऱ्यांची."

"न्हाई." त्यांनी पट्टी घडी घालून खिशात ठेवली. "ती शर्त तुमी जिंकली व्हती. एकोत निघालं. तपासणी तुमच्याकडंच करीन, कदमशेठ, दुसरीकडं जाणार न्हाई. पुरे पैसे देईन. एक रुपया कमी करा म्हणणार न्हाई. बस, आकडा जो निघंल तो."

तेव्हापासून मशीनची पट्टी निघते ती बाजू मी बाहेरच्या बाकाकडे फिरवलेली आहे. आकडा आधी बसणाऱ्यांना दिसतो, मग मला. दोन डॉक्टरांनी चिठ्ठ्या पाठवणं बंद केलं. करोत.

युसूफभाई दर सहा महिन्यांनी आफरीनला घेऊन येतात. बाकावर बसतात, पट्टी बाहेर येईपर्यंत मशीनकडे बघतात. लेकराचं रक्त इत्तुसं अन् पैसे काहून, असं विचारत नाहीत. दर वेळी मी भाव मुद्दाम जास्त सांगून बघतो. ते पुरे पैसे टेबलावर ठेवतात आणि जातात.